फळ्यावरचे आठ आणि नऊ

सोफा भिंतीला टेकवायच्या नादात तो स्वतःच पांढऱ्या फळ्याला टेकला. वळून पाहतो तर निळ्या आकड्यांच्या ओळीत सलग चार जागा रिकाम्या.

ही ओळ म्हणजे बायकोच्या गणिताच्या प्रबंधाचा जीव. तिच्या मार्गदर्शक बाई आत्ता येणार होत्या. ओळ पटली तर प्रबंध पुढे जाणार, नाहीतर पुन्हा वर्षभर लटकणार. कागदावर उतरवून ठेवायची तिला सवयच नव्हती. "फळा काय पळून जातो का?" म्हणायची.

"काय पडलं हो?" आतून आवाज आला.

"काही नाही. सोफा."

त्याची लाँड्री होती. डाग काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण काढलेलं परत आणणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. त्याने पेन उचललं. ओळीत शून्य होते, तीन होते, सहा तर खंडीभर. आठ आणि नऊ मात्र औषधालाही नव्हते. बिचारे राहून गेले असतील, असं वाटून त्याने दोन आठ आणि दोन नऊ बसवून टाकले. वळण अगदी तिच्यासारखं.

बाई आल्या, फळ्यासमोर उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे नऊ कुठून आले गं?"

बायकोचा चेहरा उतरला. "इथे नऊ असूच शकत नाही, बाई. आपल्या या गणितात शून्य ते सहा, सातच आकडे." मग तिची नजर सावकाश नवऱ्याकडे वळली. "अहो."

"तूच सांगतेस ना," भिंतीला पाठ लावून तो पुटपुटला, "तुझ्या गणितातल्या त्या पृष्ठभागावरच्या एकेका बिंदूला एकेक आकडा, आणि सगळे एकमेकांत असे बांधलेले, की एखादा बिघडला तर बाकीचे त्याला ताळ्यावर आणतात?"

"दोन चुका दुरुस्त होतात. तुम्ही चार केल्यात."

"थांब," बाई म्हणाल्या. "चूक कुठे आहे ते माहीत नसेल तर दोनच. नुसती जागा रिकामी असेल तर चार भरता येतात. यांनी शहाणपणाने पाच-सहा लिहिले असते तर आपण फसलो असतो. आठ-नऊ लिहून यांनी खुणाच करून ठेवल्यात."

बायकोने ते चार पुसले आणि गणित मांडलं. चहा निवला. त्याला कुणी बस म्हटलं नाही, आणि बसायची त्याची हिंमतही नव्हती. अखेर तिने लिहिलं: पाच, शून्य, दोन, सहा.

"बाकीच्या ओळीला यांचा हात लागला नाही कशावरून?" बाईंनी विचारलं.

त्याची शपथ इथे चालणार नव्हती. निदान चहा तरी गरम करून आणावा म्हणून तो वळला.

"हलू नका," बाई म्हणाल्या.

त्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या पाठीवर चार निळे आकडे उलटे उमटले होते. बाईंनी मान वाकडी करून वाचले. पाच, शून्य, दोन, सहा.

"जुळलं," त्या म्हणाल्या. "बाकीची ओळ बिघडली असती तर हेच आकडे आले नसते. प्रबंध पाठव. आणि हा शर्ट धुऊ नका."

"शाई लगेच काढली नाही तर पक्की बसते हो," तो कळवळून म्हणाला.

"बसू दे," बायको म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याला बसायला खुर्ची सरकवली. फळ्यापासून लांब.