आधी गाव, मग ब्रेक

शालिकभाऊ माईक हातात घेतात तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य खेळाविषयी कधीच नसतं. समोर पूलचं टेबल असतं, बॉल त्रिकोणात लावलेले असतात, खेळाडू काठीच्या टोकाला खडू चोळून वाकलेला असतो, आणि शालिकभाऊ त्याला विचारतात, "गाव कोनतं?"

गाव सांगितल्याशिवाय ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, करता येत नाही. एकदा नागपूरचा एक खेळाडू आला होता. स्वतःची काठी चामडी पेटीतून आणलेली. तो चिडून म्हणाला, "नागपूर."

"नागपूरचं कोनी नसते," शालिकभाऊ माईकवरच म्हणाले. "नागपूरले सारे गेलेले असतात. बाप कुठचा?"

"उमरेडकडचे आहेत."

"तर मंडळी!" शालिकभाऊ गरजले, "उमरेडकडची जोडी मैदानात उतरून राहिली आहे!"

जोडी म्हणजे तो एकटाच. पण शालिकभाऊंची हयात शंकरपटात गेली. बैलजोड्यांच्या शर्यतीत जोडी पुकारायची तर आधी गाव, मग मालक, मग मालकाचा बाप, आणि शेवटी बैल. बैलांच्या जागी माणूस आला म्हणून हा क्रम बदलावा असं त्यांना वाटलं नाही.

मला हे सगळं नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी दिघोरीची. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच, म्हणून मोहाडीला मामाकडे राहून बी.ए. करते. मामाचा पूल क्लब आहे. क्लब म्हणजे एक हॉल, दोन टेबलं आणि भिंतीवर 'थुंकू नये' अशी पाटी. मला पूलमधलं फार कळत नाही. पण शालिकभाऊंनाही सुरुवातीला कळत नव्हतं. मध्यंतरी काही वर्षं पट बंद होते, तेव्हा ते वेळ घालवायला क्लबात येऊन बसू लागले. दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी एका पोराने बॉल मारताच त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "सुटलाऽऽ!" तेव्हापासून त्यांचं बोलणं थांबलेलं नाही. पुढे पट पुन्हा सुरू झाले, पण तोवर तिथे डीजेवाली पोरं आली होती. त्यांना शालिकभाऊंची गरज उरली नव्हती.

पूलचे नियम त्यांनी स्वतःच्या पद्धतीने समजून घेतले. पांढऱ्या बॉलला ते तहसीलदार म्हणतात. तो सगळ्यांना हलवतो, आणि स्वतः भोकात पडला तरी थोड्या वेळाने दुसऱ्या जागी रुजू होतो. काळा बॉल म्हणजे जावई. "सगळ्यायचं जेवन झाल्यावर मानानं उठवाचा. आधी धक्का लागला का मांडव गेला समजा." नवख्या माणसाला ब्याऐंशी नियमांचं पुस्तक देऊनही जे कळणार नाही, ते या दोन वाक्यांत कळतं. मला तरी कळलं.

आणखी एक गोष्ट. आमच्या मोठ्या टेबलाला वैनगंगा नदीच्या बाजूला थोडा उतार आहे. मामाने पायाखाली पुठ्ठे घातले, पत्रा घातला, माझं पहिल्या वर्षाचं एक गाईडही घातलं. उतार तसाच. हळू मारलेला बॉल शेवटी शेवटी नदीकडे वळतो. बाहेरचे खेळाडू तक्रार करतात. शालिकभाऊ त्यांना माईकवरून समजावतात, "हा उतार टेबलाचा नाही, जिल्ह्याचा आहे."

यंदा मामाने व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा ठेवली. शनिवारी आणि रविवारी, दिवसभर. तांदळाच्या मिलचे सेठ प्रायोजक झाले आणि सामने इंटरनेटवर थेट दाखवायचे ठरले. मोबाईल स्टँडवर लावून चालू-बंद करण्याचं काम माझ्याकडे आलं. सेठ म्हणाले, समालोचन टीव्हीसारखं पाहिजे. त्यांनी नागपूरचा एक तरुण समालोचकही बोलावून ठेवला. शनिवारी तो कोट घालून कोपऱ्यात बसून होता. मामाने हात जोडले. "सेठ, शालिकभाऊले एक मोका द्या. आमची पोरगी शिकलेली आहे. ते त्याले नियम लिहून देईल."

मी तीन रात्री मोबाईलवर सामने पाहिले आणि वहीत 'उत्तम समालोचकाची लक्षणे' असं शीर्षक देऊन नियम लिहिले. खेळाडू वाकला की समालोचकाने शांत राहावे. जे दिसते ते सांगू नये, जे दिसत नाही ते सांगावे. कोणाची बाजू घेऊ नये. खेळ थांबला की प्रायोजकाचे नाव घ्यावे. मग चाचरत ते शालिकभाऊंना वाचून दाखवले. त्यांनी एकेका नियमाला मान हलवली, जणू कोणी दूरच्या नातेवाइकाच्या तब्येतीबद्दल सांगत आहे.

"चूप राहाचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"फक्त तो वाकला की, काकाजी."

"अवं, बैल धावून राहिला तवा मी चूप नाही बसलो. हा तं नुसता वाकून राहिला." मग त्यांनी वहीकडे बोट केलं. "आन् हारनाऱ्याचं काय लिहिलं तू?"

मी काहीच लिहिलं नव्हतं. मी पाहिलेल्या सामन्यांत हरणाऱ्याबद्दल कोणी फार बोलत नव्हतं.

"लिहून घे. जितनाऱ्याचं नाव सारेच घेतात. पुकारनाऱ्यानं हारनाऱ्याचं नाव एक खेप जास्त घ्यावं. त्याले घरी जाचं असते ना. रस्ता लांब वाटते."

मी ते लिहून घेतलं, पण खाली, पेन्सिलने. परीक्षेत विचारणार नाहीत अशा गोष्टी मी पेन्सिलने लिहिते.

शनिवारी शालिकभाऊंनी माझे नियम इतके मनापासून पाळले की मला घाम फुटला. खेळ थांबला की प्रायोजकाचं नाव, असं मी लिहिलं होतं. पूलमध्ये खेळ मुख्यतः फाऊल झाल्यावरच थांबतो. त्यामुळे पांढरा बॉल भोकात पडला की शालिकभाऊ गंभीर आवाजात सांगत, "हा फाऊल तुमच्यासाठी घेऊन आले आहेत, आपल्या सेठजींचा तांदूळ." दुपारपर्यंत अकरा फाऊल झाले. बाराव्याला प्रेक्षकच ओरडले, "तांदूऽऽळ!"

त्यातच प्रफुल्ल नावाचा खेळाडू आला. तिशीचा, एरवी मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा, अबोल. शालिकभाऊंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "गाव कोनतं?"

"पुनर्वसन."

"ते गाव नाही, ते सरकारी काम आहे. बाप कुठचा?"

प्रफुल्ल काठीकडे बघत म्हणाला, "बाबा चिचघाटचे होते. मी लहानच होतो. आता ते धरनाच्या पान्यात आहे."

शालिकभाऊंचा माईक तोंडापाशी होता. आवाज मात्र आला नाही. मामाला वाटलं वायर निघाली. तो धावत जाऊन बटण दाबून आला. मग शालिकभाऊ एवढंच म्हणाले, "खेळ सुरू करा." त्यांनी गाव न पुकारता ब्रेक होऊ दिला, असं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी सेठ संतापून आले. इंटरनेटवर लोकांनी तांदळाची थट्टा चालवली होती. "त्यात दिवसभर गावंच गावं! हे टूर्नामेंट आहे का बसस्टँड?" त्यांनी मामाला बजावलं, फायनलमध्ये एकदा जरी गावाचं नाव आलं तर माईक त्या कोटवाल्या मुलाकडे, आणि पुन्हा शालिकभाऊंना माईक दिसता कामा नये. मामाने मान खाली घातली. पुढच्या वर्षीची स्पर्धाही सेठवरच अवलंबून होती.

सेठ गेल्यावर मी मामाला विचारलं, शालिककाकाजी दुपारी गप्प का झाले?

"त्याचंबी गाव तेच ना," मामा म्हणाला. "चिचघाट. गोसीखुर्दच्या धरनात गेलं. गाव उठलं तं कोनी इकडं गेलं, कोनी तिकडं. हा एकटाच मोहाडीले आला. पटात चिचघाटच्या जोड्या हाच पुकारे. मंग तिथून जोडी येनंच बंद झालं. गावच नाही तं जोडी कुठून येईल?"

मी मोबाईलवर हौसेने टिपून ठेवलेले क्लबातले जुने सामने पाहिले. प्रत्येकात तोच प्रश्न होता. गाव कोणतं, बाप कुठचा. आम्ही त्यावर किती हसलो होतो. ते ज्या एका उत्तराची वाट बघत होते, ते इतक्या वर्षांत कोणी दिलं नव्हतं.

रविवारी फायनल. चामडी पेटीवाला नागपूरचा खेळाडू आणि प्रफुल्ल. सेठ पहिल्या रांगेत, कोटवाला त्यांच्या शेजारी. शालिकभाऊ धुतलेला पांढरा सदरा घालून आले. सेठची अट मामाने त्यांच्या कानावर घातली होती. त्यांनी माईक घेतला, दोघांकडे पाहिलं, आणि काही न विचारता हळू आवाजात म्हणाले, "सामना सुरू होत आहे."

माझ्या वहीतला एकही नियम त्यांनी मोडला नाही. खेळाडू वाकला की चूप. तांदळाचं नाव फाऊलनंतर नाही, चांगल्या फटक्यानंतर. बैल नाही, बाप नाही. सेठ खूश होऊन मान डोलवत होते. समालोचन अगदी टीव्हीसारखं होत होतं, आणि प्रेक्षकांतले तिघे जांभया देत होते.

शेवटच्या डावात दोघांचाही फक्त काळा उरला. पाळी प्रफुल्लची. सोपा फटका होता, हळूच मारायचा. त्याने मारला. काळा भोकाच्या तोंडापर्यंत गेला, थबकला, आणि उताराने जरासा नदीकडे वळून बाजूला थांबला. हॉलमध्ये एकच "आऽऽ" झाला. नागपूरच्या खेळाडूने पुढच्या फटक्याला तो आत घातला आणि सामना संपला.

शालिकभाऊंनी जिंकणाऱ्याचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. प्रफुल्ल काठी भिंतीला लावून दाराकडे निघाला.

"थांब," शालिकभाऊ म्हणाले.

त्यांनी सेठकडे पाहिलं. कोटवाल्याकडे पाहिलं. मग माईक दोन्ही हातांनी धरला. त्यांचा पटातला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. क्लबात ते गरजत ते काहीच नव्हतं, हे तेव्हा कळलं.

"तर मंडळीऽऽ! गाव चिचघाट! चिचघाटची जोडी आहे! प्रफुल्ल चुकला नाही, मंडळी, त्याच्याखालची जमीन सरकली! गाव चिचघाट, घाटावरचं, चिचेच्या झाडाखालचं! प्रफुल्ल, चिचघाटऽऽ!"

कोणी टाळी वाजवली नाही. प्रफुल्ल दारात उभा राहिला. त्याने मान वर केली, शालिकभाऊंकडे पाहून एकदा हलवली, आणि गेला.

सेठ उठायच्या आत शालिकभाऊंनी माईकची वायर कोपरावर नीट गुंडाळली आणि माईक स्वतःच कोटवाल्याच्या हातात दिला. "घे बाबू. खालून धरजो, वरून धरला का घरघर करते."

सेठ मामाला बाहेर घेऊन गेले. शालिकभाऊ माझ्याजवळ आले आणि स्टँडवरच्या मोबाईलकडे बघू लागले.

"हे चालू होतं का वं?"

"हो, काकाजी."

"मंग गेलं का ते? बाहेर?"

"गेलं."

"कुठवर जाते?"

मी सांगितलं, जिथे जिथे फोन आहे तिथवर. रेंज असेल तिथवर.

त्यांनी मान हलवली. चप्पल घातली, पायऱ्यांपर्यंत गेले आणि परत वळले. तू शिकलेली आहेस म्हणून विचारतो, असं तोंड करून हळूच म्हणाले,

"पान्याखाली रायते का वं रेंज?"

मी विज्ञान दहावीपर्यंतच शिकले आहे. तरी याचं उत्तर मला माहीत होतं.

"रायते, काकाजी," मी म्हणाले.