बहुमताने संमत झालेली परी

डोंबिवलीच्या वाचनालयात श्रीपाद आपल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचून दाखवत होता. चंद्रावरची एक परी खाडीकाठच्या मिठागरावर उतरते, मिठाला चांदणं समजून ओंजळीत घेते, आणि तिथला कारकून तिच्या प्रेमात पडतो. वाचन संपलं तरी कार्यकारिणी गप्प होती. असं पूर्वी घडलेलं नव्हतं.

ग्रंथपाल सुमेधेचे तर डोळे भरून आले. श्रीपादने आदल्याच दिवशी तिला लग्नाचं विचारलं होतं.

"कादंबरी पुरी करा," ती हळूच म्हणाली. "परी शेवटी काय म्हणते ते वाचून मी उत्तर देईन."

पण पुस्तक वाचनालयातर्फे निघायचं, म्हणजे कार्यकारिणीची मंजुरी घेणं आलं. अध्यक्ष भाऊंनी घसा खाकरला. "कल्पना फर्मास आहे हो. पण परी राहते कुठे? एकट्या पुरुषाच्या खोलीत?"

ठराव झाला. सूचक भाऊ, अनुमोदक कमळाबाई. दुसऱ्या प्रकरणात परीची सोय कारकुनाच्या आत्याकडे झाली. घरात माणूस वाढलं म्हणजे रेशनकार्डावर नाव चढवणं आलं, म्हणून तिसऱ्या प्रकरणात परी रांगेत उभी राहिली. पंखांमुळे मागच्यांची गैरसोय होईल, असं कमळाबाईंनी निदर्शनास आणलं. पंख काढले.

"अहो, मग ती परी कशी राहिली?" श्रीपादने विचारलं.

"बहुमताने," भाऊ म्हणाले.

आधी पुस्तक, मग लग्न, असं मनाशी घोकत श्रीपाद मान डोलावत गेला. चौथ्या प्रकरणात परी शिवणकाम शिकली. पाचव्यात कारकून बढतीची वाट पाहू लागला. पहिलं चुंबन पुढील सभेपर्यंत तहकूब झालं आणि तहकूबच राहिलं.

सुमेधेने हस्तलिखित एका बैठकीत वाचून काढलं.

"शेवटी परी म्हणते, 'आत्यांना विचारून सांगते.'"

"तसा ठरावच झाला," श्रीपाद पुटपुटला.

"पहिलं प्रकरण लिहिणाऱ्याला मी होकार देणार होते," सुमेधा म्हणाली. "तो भेटला तर सांगा त्याला."

कादंबरीला सदभिरुचीचं पारितोषिक मिळालं. भाऊंनी सत्काराचं भाषण केलं. श्रीपाद हार घालून ग्रंथपालाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला. सुमेधा त्याच सकाळी गाव सोडून गेली होती.

"कुणाबरोबर?" भाऊंनी प्रश्न मांडला.

अनुमोदन, वाचकहो, तुम्ही मनातल्या मनात दिलंच आहे.