कोरड्या बर्फाची मोहीम आणि दुधाची सोडवणूक

सकळ वाचकांचे सेवेसी अर्ज ऐसा जे, लेखकाने उभ्या जन्मात लढाई देखिली नाही. परंतु मामासाहेबांची ही मोहीम समक्ष देखिली, ती लिहून ठेविली असे.

मामासाहेब, हुद्दा वाचनालयाचे कारकून, दुपारी वामकुक्षीत दाखल असता धाकट्या बहिणीकडील फ्रीझरने प्राण सोडिला. आत चाळीस पिशव्या तिचेच दूध. बाळ सातव्या महिन्यातच जन्मोन इस्पितळात काचेच्या पेटीत मुक्कामास, तयासाठी महिनाभर थेंब थेंब साठविलेले. बहिणीने फोन केला, “दादा, हे वितळलं तर परत गोठवता येत नाही रे. काहीतरी कर!” मग मामासाहेबांनी “कोरडा बर्फ आणतो” ऐसा शब्द दिला, आणि कोरडा बर्फ म्हणजे काय, याची चौकशी जिना उतरताना आरंभिली.

बर्फ कारखान्याच्या मालकीणबाईंनी फर्माविले की, हा पाण्याचा नव्हे, गोठविलेला कार्बन डायॉक्साइड. उणे अठ्ठ्याहत्तर अंश थंड. वितळत नाही, थेट वायू होऊन उडतो. सबब झाकण घट्ट लावू नये, खोका फुटेल, आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या, नाहीतर श्वास कोंडेल, आणि उघडा हात तर लावूच नये. मामासाहेबांनी मान डोलाविली, आणि बाईंची पाठ फिरताच बोट लाविले. बोट पांढरे पडले, आणि मग लाल.

“काका, आत्ताच सांगितलं ना?”

“खात्री करून घेतली,” ऐसा जबाब देऊन मामासाहेब रवाना जाहले, आणि चारी काचा उघड्या टाकून वाऱ्याने कुडकुडत, दात वाजवीत बहिणीच्या दारी पोहोचले.

बहिणीने खिडक्या उघडून, जाड हातमोजे चढवून, पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात रचिल्या, वर कागद आणि त्यावर बर्फ ठेविला. पांढरा धूर फरशीवर पसरला. मामासाहेब पोक्त सेनापतीप्रमाणे मधोमध उभे राहिले, तो “दादा, बाजूला हो, झाकण दे” ऐसा हुकूम सुटला. एकोणचाळीस पिशव्या दगडासारख्या शाबूत निघाल्या. एक वितळून सैलावली होती, ती तातडीने इस्पितळात धाडिली.

सायंकाळी परिचारिकेने तीतील चमचाभर दूध बाळास नळीने दिधले, आणि बाळाने ते पचवून मूठ उघडिली. येणेप्रमाणे फत्ते जाहली. मामासाहेब काचेपलीकडे उभे राहोन मुसमुसून रडले. हे लिहू नये ऐशी त्यांची सक्त ताकीद होती. ती मोडून लिहिले असे.