काळीज कऱ्हाडला

दस्तू नालबंदाला कुणीही विचारावं, "कसं काय, दस्तूभाई?" तो डावी मूठ छातीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "मी हितं, काळीज कऱ्हाडला."

नवा माणूस हसायचा. त्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं कऱ्हाडात काहीतरी लफडं असणार. मग दस्तू त्याला लिंबाखाली बसवून घ्यायचा आणि सगळं सुरवातीपासून सांगायचा, तोवर त्या माणसाची यष्टी निघून जायची. अशा पुष्कळांच्या यष्ट्या त्यानं चुकवल्या. आता त्या लिंबाखाली पंक्चरवाला बसतो आणि गाड्या सगळ्यांना वेळेवर सापडतात.

मी तिसरीत शाळा सोडली. मास्तरनं मारलं म्हणून नव्हे. मास्तर चुकला होता आणि कबूल करत नव्हता, म्हणून. तेव्हा या लिहिण्यात काही वाकडंतिकडं असलं तर ते तसंच राहू द्यावं. दस्तूबद्दल लिहिणारा गावात दुसरा कोणी नाही.

आमच्या कुंडलला तो बैलांना पत्री मारायचा. पत्री म्हणजे खुराला ठोकायचा लोखंडी तुकडा. बिगरपत्रीचा बैल डांबरी सडकेवर उसाची गाडी ओढायला लागला की लंगडलाच म्हणून समजा. दस्तू अंगानं चिपाड आणि बैल डोंगराएवढे, पण पायात दोर असा टाकायचा की बैलाला कळायच्या आत बैल आडवा. मग शिंगं धरून बसायचं काम माझं. माझी दोन गाड्यांची बैलं होती, शिवाय दुसऱ्याच्याही बैलाची शिंगं मीच धरायचो. दुसऱ्या कुणाचं धरणं मला पसंत नव्हतं.

पहिला खिळा लावायच्या आधी दस्तू बैलाच्या कानाशी वाकायचा. "सोस राजा. लांब जायाचं हाय." एवढं म्हटल्याशिवाय हातोडी उचलायचा नाही.

एकदा मी म्हटलं, "बैलाला काय कळतंय रं?"

"त्याला कळू दे, न्हाईतर न कळू दे. मला म्हनायला लागतंय," तो म्हणाला.

पुढं ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. बायको देवाघरी गेली, पोरगी मिरजेला दिलेली. दस्तू तरीही हत्यारांची पिशवी घेऊन लिंबाखाली बसायचा. एखादा बैल आला तर आला. आणि एका उन्हाळ्यात त्याला धाप लागायला लागली. दोर टाकून बैल पाडला की बैलाच्या शेजारी हाही बसायचा, आणि दोघं मिळून धापा टाकायचे. मी हसायचो. पण मग एकदा बैल उठून उभा राहिला आणि हा उठला नाही, तेव्हा त्याला सांगलीला मीच नेला.

डॉक्टर शांत माणूस होता. त्यानं मशीनमध्ये घालून छातीचे आतले फोटो काढले आणि समजावून सांगितलं. काळजातनं अंगात रक्त सोडणारी जी झडप असते, ती चुनखडीसारखी कडक झाली होती. ती नीट उघडत नव्हती. ती बदलायला हवी होती.

"मला आडवं करनार?" दस्तूनं विचारलं.

"करावंच लागेल."

"गुंगी दिऊन?"

"हो. तुम्हाला काही कळणार नाही."

दस्तू उठला, सदऱ्याची बटणं लावली आणि बाहेर आला. जिन्यावर मला म्हणाला, "सिद्या, मी जलमभर आडवं पाडत आलोय. पडल्यावर जित्राबाच्या डोळ्यांत काय असतंय, ते तुला न्हाई ठावं. तू शिंगाकडं असायचास. मी बघितलंय. मला न्हाई पडायचं."

त्याला कुणी वळवू शकलं नाही. गावात माझ्या खालोखाल हट्टी माणूस तोच.

डॉक्टरनं मात्र त्याला एक विचारलं होतं. कऱ्हाडच्या इंजिनेरिंग कालेजात एक बाई आहेत, त्या काळजातलं रक्त कंप्युटरवर चालवून अभ्यास करतात. तुमचे फोटो त्यांना दिले तर चालेल का?

"त्यात आडवं पडायचं हाय?"

"नाही."

"मग द्या की."

तिथनं हे सगळं सुरू झालं. त्या म्याडमनं याला एकदा बोलावून सगळं दाखवलं, आणि हा गावात येऊन ते वाटत सुटला. फोटोवरनं म्हणे काळजातल्या वाटेचा पोकळ साचा करतात. त्या साच्यात बारीक जाळी विणतात. जाळीच्या एकेका घरातनं रक्त किती जोरात जाईल, कुठं भोवरा खाईल, कुठं भिंतीवर आदळेल, ते गणितानं काढतात. जोराचं रक्त तांबडं दिसतं, हळूचं निळं. आणि एवढा मोठा कंप्युटर, पण त्याला एक ठोका काढायला दिवसभर लागतो.

ही शेवटची गोष्ट दस्तूला लय आवडली होती. "तुमचं काळीज मिनटाला सत्तर ठोकं उधळतंय," तो चावडीवर सांगायचा. "माझा एक ठोका दिवसभर पुरतो. तुमा सगळ्यांना पोचवून मग जानार मी."

आता इथपर्यंत ठीक होतं. पण त्याच्या डोक्यात एक बसलं ते निघालं नाही. तिकडं म्याडम काळजावर दाब वाढवून बघतात तेव्हा इकडं आपल्याला धाप लागते, असं त्याचं ठाम मत झालं. म्याडमनं सांगितलं, "चाचा, हे नुसतं गणित आहे. याचा तुमच्या छातीशी काही संबंध नाही." दस्तूनं मान डोलावली. गावात येऊन मला म्हणाला, "पोरगी शिकल्याली हाय, पर ल्हान हाय. हळूहळू कळंल तिला."

मग तो कऱ्हाडला फोन करायचा. "म्याडम, आज जरा सपाटीनं चालवा. मला डोंगरावर जायाचंय." जावई आला की फोन, "आज दाब बिलकूल नगो, आज मटन हाय." कऱ्हाडात वीज गेली असं कुणी नुसतं म्हटलं तरी हा लिंबाखाली गुमान बसून राहायचा, हालायचा नाही. पोरं मुद्दाम सांगायची, "चाचा, कऱ्हाडात लाईट न्हाई!" दस्तू म्हणायचा, "त्यांच्याकडं ब्याटरी हाय," पण हात छातीवर जायचाच.

आठवड्यातनं एकदा तो काळीज बघायला जायचा. बरोबर उकडलेल्या शेंगांची पिशवी. "ती पोरं माझ्या काळजाला राखन बसल्यात," म्हणायचा. "रिकाम्या हातानं जावं व्हय?"

मला म्हणायचा, "चल की एकदा."

"दुसऱ्याचं काळीज बघायला मी यष्टीत बसनार न्हाई."

"दुसऱ्याचं?" त्यानं एकदा विचारलं. मी उठून रानाकडं निघालो.

याच सुमारास सरकारी दवाखान्याची आशाताई गावात लोकांच्या हाताला पट्टा बांधून रक्ताचा दाब बघत फिरली. दस्तू शेजारी होता. माझा वरचा आकडा दोनशेच्या घरात गेला. ती पोरगी घाबरली, गोळ्यांची पाकिटं दिली. मी ती सुनेच्या हवाली केली आणि सांगितलं, डब्यात ठेव, माझ्यापुढं आणू नको. आमच्या घराण्यात गोळी खाऊन कोणी जगलं नाही.

दस्तू मात्र मागं लागला. सकाळ-संध्याकाळ एकच. "गोळी घेतलीस?"

"तू तुझं काळीज सांभाळ."

"गोळी घेतलीस का न्हाई?"

"माझ्या बापानं कधी गोळी घेतली न्हाई."

"तुझा बाप पन्नाशीत गेला, सिद्या. गोळी न घेताच गेला."

त्यावर आमचं बोलणं बंद झालं. बापावर गेलेलं मी खपवून घेत नाही. पुढं तोच हातात शेंगा घेऊन आला आणि बसला. पण गोळीचं नाव त्यानं त्यानंतर काढलं नाही. मला वाटलं, मी जिंकलो.

दिवस जात होते तशी त्याची धाप वाढत होती. कऱ्हाडहून आला की स्टँडवरनं घरापर्यंत येताना वाटेत बसायचा. एकदा मीच पिशवी घेतली.

"काय रं, लय दमलास?"

"सध्या लय दाबानं चालवायला लागल्यात," तो म्हणाला.

मला हसू आलं. "मग सांग की तुझ्या म्याडमला, कमी करा म्हनावं."

"न्हाई न्हाई. चालू दे." तो घाईनं म्हणाला. "काम हाय ते. हुऊ दे."

"आनी तुला काय झालं म्हंजे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "एकदा चल रं कऱ्हाडला. एकदाच. मग न्हाई म्हननार."

"सुगी झाल्यावर बघू," मी म्हटलं. नाही म्हणण्याची ही माझी पद्धत त्याला माहीत होती.

सुगी व्हायच्या आत दस्तू गेला. कऱ्हाडच्या गाडीची वाट बघत स्टँडच्या बाकावर बसला होता, मांडीवर शेंगांची पिशवी. गाडी आली, माणसं चढली. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं हाक मारली, "चाचा, चला की. काळीज वाट बघतंय." चाचा उठले नाहीत.

मिरजेहून पोरगी आली. मीही माती दिली. ज्याला आडवं व्हायचं नव्हतं त्याला आडवं करताना बघणं जड गेलं. एवढंच लिहितो.

चाळिसावा झाला. माझ्या मनातनं मात्र एक गोष्ट जाईना. माणूस मातीत गेला आणि कऱ्हाडात त्याचं काळीज अजून पळवतायत. असं कुठं असतं का? बैलसुद्धा थकला की आपण जू काढतो. मी धुतलेलं धोतर नेसलो आणि कुणाला न सांगता कऱ्हाडची गाडी धरली. वाटेत बोलणं पाठ केलं. जाऊन सांगायचं, आता बंद करा. नाही ऐकलं तर आवाज चढवायचा.

कालेज मोठं. विचारत विचारत त्या खोलीच्या दारात गेलो आणि पायताण हातात घेऊन उभा राहिलो. आत एक बारकी पोरगी कंप्युटरपुढं बसली होती, माझ्या नातीएवढी; हीच दस्तूची म्याडम. तिनं वर बघितलं आणि उठलीच.

"तुम्ही सिदूआण्णा ना?"

मी पाठ केलेलं विसरलो. "तुमाला कसं म्हाईत?"

"चाचांनी सांगून ठेवलंय. कधीतरी येतील, दारातच उभे राहतील, आत या म्हटलं तरी येणार नाहीत."

मग मी आत गेलो. त्याला खोटं पाडायला.

"चाचा नाही आले बरोबर? बरेच दिवस झाले, फोनसुद्धा नाही."

तिला माहीतच नव्हतं. आम्ही कुणी कळवलंच नव्हतं. कऱ्हाडला कळवायला हवं हे दस्तूच्या पोरीच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्याही. मी म्हटलं, "दस्तू गेला." ती खाली बसली. मी पंख्याकडं बघत राहिलो.

मग मी म्हटलं, "आता ते बंद करा, म्याडम. त्याला विसावा द्या."

तिनं डोळे पुसले. "बंद करते. पण त्यांना तुम्हाला एक दाखवायचं होतं. ते आधी बघा."

पडद्यावर दोन वाटा दिसल्या, शेजारी शेजारी, एकसारख्या. एकीतनं रक्त निळं-पिवळं होत, अरुंद दारातनं चिमटून पुढं जात होतं. दुसरीत ते लालभडक होऊन भिंतीवर धडकत होतं. प्रत्येक ठोक्याला धडकत होतं. बघवत नव्हतं.

"हे पहिलं चाचांचं," ती म्हणाली. "आणि हे तुमचं."

"माझं? मी कवा फोटो काढला?"

"काळीज चाचांचंच आहे, आजोबा. दाब तुमचा आहे. आकडा त्यांना पाठ होता. म्हणाले, माझा दोस्त माणसाचं ऐकत नाही, डोळ्यांनी बघितलं तर ऐकेल. त्याचा दाब माझ्या काळजाला लावा."

मी पडद्याजवळ सरकलो.

"मी त्यांना परत सांगितलं, की याचा तुमच्या तब्येतीशी काही संबंध नाही. तर म्हणाले, असू दे, तुमी लावा. मग या खुर्चीत ताठ बसले. छातीवर हात ठेवला आणि कुणाशी तरी बोलल्यासारखं म्हणाले..." तिला ते शब्द नीट आठवेनात. "सोस राजा, असं काहीतरी. लांब जायचंय. आणि मग मला म्हणाले, हां, लावा आता."

ती खुर्ची तिथंच होती. मी तिच्यावर बसलो नाही.

"प्रत्येक वेळी आले की विचारायचे, त्याचा दाब अजून लावलेला हाय न्हवं? तो येईपतुर काढू नगा."

पडद्यावर तोच ठोका परत परत चालला होता. पोरीनं विचारलं, "बंद करू का?"

"नगो," मी म्हटलं. "त्याचं राहू द्या. त्यातलं माझं तेवढं काढा." मग मला वाटलं, उगीच कसं काढतील, आकडा तर खराच होता. म्हणून म्हटलं, "आकडा उतरला की मी कळवतो. तवा काढा."

घरी आलो. सुनेला म्हटलं, त्या डब्यातली गोळी आण. तिनं काही विचारलं नाही, शहाणी आहे.

आशाताई अधूनमधून पट्टा बांधून जात होती. आकडा सावकाश उतरत गेला. एक दिवस ती हसून म्हणाली, "आण्णा, आता झ्याक हाय." मी तिच्याकडनं आकडा दोनदा म्हणून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा कऱ्हाडला फोन लावला.

"म्याडम, मी कुंडलचा सिदू. दाब उतारलाय. त्याच्या काळजावरचा तेवढा खाली घ्या."

हे नुसतं गणित आहे, असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "घेते, आजोबा. आत्ताच लावते. फक्त दिवसभर लागेल."

"लागू द्या," मी म्हटलं. "सावकाश चालवा."

त्या दिवशी मी रानात गेलो नाही. पायरीसुद्धा चढलो नाही. पंक्चरवाल्याला जरा सरकायला सांगून लिंबाखाली बसून राहिलो. ऊन डोक्यावर आलं, मग कललं. स्टँडवर कऱ्हाडची गाडी येऊन गेली. सांजच्याला शाळेचा मास्तर तिथनं चालला होता, थांबला.

"कसं काय, आण्णा? सकाळपासनं हितंच?"

"हितंच हाय," मी म्हटलं.

काळजाचं त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.