मंगलाबाई बसल्या की लागणारा दिवा

"मागचा दिवा लागेपर्यंत भाग्येश ट्रॉलीत बसणार नाही," स्वप्नालीने बाळाला कडेवर आणखी घट्ट धरत जाहीर केलं. निंबाखाली पिशव्या घेऊन बसलेल्या भाऊबंदांच्या बारा बायकांनी एकदमच उसासा सोडला.

"अरे, इतला वरीस विनालाईटनी चालनी ट्रॉली. मरनं का कोणी?" सासरे सुकलाल म्हणाले.

स्वप्नालीने उत्तरादाखल फोन पुढे केला. त्यात उसाच्या ट्रॉलीवर मागून गाड्या धडकल्याचे सात व्हिडिओ होते. सुकलालांनी ते सकाळपासून दोनदा पाहिले होते.

भाग्येशचं जावळ होतं, ब्राह्मणपुरीला, मामाच्या मांडीवर. मामा पाट मांडून तयार बसलेला, दर दहा मिनिटांनी त्याचा फोन. मुहूर्त सूर्य मावळायच्या आतला, म्हणजे घरी कळसाडीला परतताना अंधार ठरलेला. स्वप्नालीने आपल्याकडून काहीच बाकी ठेवलं नव्हतं. सकाळी उठून ट्रॉलीत वीतभर पेंढा पसरला, त्यावर तीन गोधड्या घातल्या, फळ्यांना उशा बांधल्या. लोखंडावर लोखंड आदळून बाळाला धक्का बसेल असं जिथे जिथे वाटलं, तिथे टायरच्या जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे गुंडाळले. एवढं करून दिवा पाहायला गेली, तर तो लागेना.

"काल नवा बसाडा तवय तं लागी ऱ्हायंता," तिचा नवरा हेमकांत डोकं खाजवत म्हणाला. त्याने बल्ब बदलला. मग फ्यूज बदलला. मग शहाद्याहून वायरमन रूपसिंगला बोलावलं. रूपसिंगने अख्खी वायर बदलली.

"बल्ब चांगला शे, फ्यूज चांगला शे, वायर तं कोरी शे," रूपसिंग म्हणाला.

"मंग खराब काय शे?"

"तेच तं देखी ऱ्हायनू."

एवढ्यात सासूबाई, मंगलाबाई, कंटाळून ट्रॉलीत चढल्या आणि पुढच्या फळीला टेकून धपकन बसल्या. मागे लाल दिवा लखकन पेटला.

"लागना! लागना!" बायका पिशव्या उचलून धावल्या. खाली राहिलेली फराळाची पिशवी आणायला मंगलाबाई उतरल्या. दिवा गेला.

"माय, परत बठ बरं," हेमकांत म्हणाला. मंगलाबाई बसल्या. दिवा लागला.

"आते उतर."

दिवा गेला.

"परत बठ."

"मी काय बटन शे का रे?" मंगलाबाई कमरेवर हात ठेवून ओरडल्या. "बठू का उतरू, एकदाव काय ते सांगा!"

पाचव्या खेपेनंतर सुकलालांनी निकाल दिला. "सोपं शे. तुन्ही माय येताना तठेच बठी राही. हालनी नही म्हणजे झालं."

"आणि मध्ये हलल्या तर?" स्वप्नालीने विचारलं. "खड्ड्यात उडाल्या तर? झोप लागून एका कुशीवर कलंडल्या तर? मी काय अख्ख्या रस्त्यात यांच्याकडेच पाहत बसू?"

मंगलाबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की स्वप्नालीने विषय बाळाच्या टोपीवर नेला.

रूपसिंग मात्र आता खुलला होता. "अर्थिंग नही भेटी ऱ्हायनी, भाऊ. वीज बल्बपर्यंत जास, पण तिले परत येवाले लोखंड पाह्यजे. ट्रॉलीनी कडी ट्रॅक्टरना हुकले टेकाले पाह्यजे. मावशी बठनी का टेकस, उतरनी का सुटस. मधमा काहीतरी उनं शे."

मधे काय आलं होतं, ते स्वप्नालीला नीट माहीत होतं. कारण ते तिनेच तिथे गुंडाळलं होतं, दोन पदरी, वरून सुतळीने बांधून.

"आई, याला जरा धरा," ती म्हणाली. "टोपडं पडलंय वाटतं तिकडे."

बाळ सासूच्या हाती देऊन ती हुकापाशी वाकली. हाताशी काहीच नव्हतं. पर्समध्ये जावळासाठी आणलेली नवी कात्री तेवढी होती. तिने एकदा मागे पाहिलं आणि कात्री चालवली. ट्यूब चिवट होती, कात्री कुरकुरली. पण दोन हिसक्यांत तुकडा निघून पर्समध्ये गेला.

दिवा लागला. मंगलाबाई तर जमिनीवरच उभ्या होत्या.

"सांगंतं ना, वायर मी घट्ट करी!" रूपसिंग म्हणाला. "बल्ब मी बदलना," हेमकांत म्हणाला. स्वप्नालीने पर्सची चेन लावून बाळ परत घेतलं.

ब्राह्मणपुरीला पोहोचले तेव्हा सूर्य बांधावर टेकला होता. मामाने, म्हणजे पवनने, भाचा मांडीवर घेऊन कात्री उचलली. पहिलीच बट कात्रीत अडकून बसली. ना कापली जाई, ना सुटे. भाग्येशने सूर लावला.

"ताई, नवी आणली म्हणालीस ना? ही तर कापतच नाहीये! आणि वास कसला येतोय हिला?"

मंगलाबाईंनी कात्री हातात घेतली, नाकाशी नेली. मग सुनेच्या फुगलेल्या पर्सकडे पाहिलं. स्वप्नालीने पर्स पाठीमागे नेली.

"दुकानदारनी फसाडं पोरले," मंगलाबाई मोठ्याने म्हणाल्या. "पवन, घरमातली दुसरी आन."

पवन आत गेला, तशा त्या स्वप्नालीच्या कानाशी वाकल्या.

"तो ट्यूबना तुकडा टाकू नको. पाचदाव चढी-उतरी कंबर मोडनी मन्ही; घर जाताना तिले गुंडाय."