सौसर लाइनचा काटा

आमच्या घरात छत्री टिकत नाही. हरवत नाही, चोरीला जात नाही, वाऱ्यानं उलटत नाही. आमचे मधुकर भाऊजी तिच्या काड्या काढून घेतात. पांढुर्ण्यात पाऊस लागला की सगळं गाव छत्र्या घेऊन निघतं आणि आमच्या घरची माणसं डोक्यावर खताचं पोतं घेऊन. एकदा तर पाहुण्यांची छत्री दारामागे ठेवलेली होती. चहा पिऊन पाहुणे उठले, छत्री उघडली, तर नुसतं कापड त्यांच्या डोक्यावर पडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. नगरपालिकेत कारकून. माणूस गरीब गाय, पण डोक्यात रेल्वे शिरलेली. छत्रीच्या काड्यांचे रूळ, संत्र्यांच्या पेट्यांच्या फळ्या, तुपाच्या डब्यांचा पत्रा कापून केलेले दोन डबे आणि नागपूरहून आणलेलं चावीचं इंजिन. समोरची खोली या संसारानं भरलेली. खिडकीखाली पांढुर्णा स्टेशन, कपाटाजवळ पुढचं तिगाव स्टेशन. आल्यागेल्याला पलंगावर पाय वर घेऊन बसवावं लागे, कारण खालून मेन लाइन जाते!

बोलणंही त्याच थाटाचं. न्हाणीघराच्या दाराशी येऊन विचारतील, "लाइन क्लिअर हाय काय, वैनी?" जेवायला उशीर झाला की, "आज पॅसेंजर लेट दिसते." वरणात मीठ कमी पडलं की, "कोळसा कमी पडून राहिला." आता अशा माणसावर हसावं की रडावं?

त्यांची बायको कुसुम आधी हसली. मग एका श्रावणात तिच्या बाबांनी सौसरहून तिला फुलाफुलांची छत्री पाठवली. दोन दिवसांत त्या छत्रीचे रूळ झाले. कुसुमनं पिशवी भरली, मला वाकून नमस्कार केला आणि भर पावसात सौसरच्या बसमध्ये जाऊन बसली.

म्हटलं, पोळ्याला येईल. पोळा गेला, दिवाळी गेली, संक्रांतीचं वाण घरातच राहिलं. मी रोज म्हणायची, "भाऊजी, जा ना जी, घेऊन या तिले." तर या गृहस्थानं काय करावं? सौसरला लाइन टाकायला घेतली! तिगावच्या अलीकडून एक फाटा काढला आणि पलंगाच्या पायाशी काड्याच्या पेटीचं सौसर स्टेशन मांडलं.

आमचे हे म्हणाले, "अरे येड्या, इकडून सौसरले रेल्वेच नाही. तिथली छोटी लाइन वेगळी. दर तासाले बस जाते, बसनं जाय."

"सरकारनं नाही टाकली, दादा. म्हणून मी टाकून राहिलो."

आम्ही दोघांनी कपाळावर हात मारला.

आता एका रुळाचे दोन रूळ जिथं होतात, तिथं एक सरकती पाती असते. भाऊजी तिला काटा म्हणत. हा काटाच मुळात करंटा निघाला. गाडी सौसरला जाताना बरोबर जाई. तिथं भाऊजी इंजिन उचलून तोंड फिरवत, चावी देत, आणि परत येताना गाडी काट्यावर आली की धाड! इंजिन आडवं, डबे उताणे. रोज. मी चुलीजवळ बसून आवाजावरून सांगायची, पडली.

आणि भाऊजींनी शपथ घेतलेली. "वैनी, ज्या दिवशी गाडी सौसरहून न पडता येईल ना, त्या दिवशी कुसुमले आणाले जातो. अपशकुनावर काहून जाऊ?"

मग काय, तो काटा नीट करणं हे आमच्या घराचं काम होऊन बसलं. ह्यांनी पाती कानशीनं घासली. शेजारच्या सोनारानं भिंग लावून पाहिली. मी खोबरेल तेल घातलं, शिव्याही घातल्या. गाडी पडायची ती पडायचीच.

फाल्गुनात कुसुमचा भाऊ बाजाराला आला. ओट्यावर उभ्या उभ्या सांगून गेला, "अक्षय्यतृतीयेपर्यंत जावई सोता आले तर ठीक. नाही तर ताईची कपड्यालत्त्याची पेटी पाठवून द्या." पेटी गेली म्हणजे सगळंच गेलं. भाऊजींनी ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा काट्याशी जाऊन बसले. असा राग आला मला! वाटलं, सगळी रेल्वे उचलून जाम नदीत टाकून यावी.

अक्षय्यतृतीया दोन दिवसांवर आली. दुपारी मी चहा घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेली, तर गाडी सौसरहून सुटलेली. काट्यावर आली. खडखड झालं आणि, माय वो, पार! सरळ पांढुर्ण्याला जाऊन उभी राहिली. मी ओरडणारच होती. तेवढ्यात भाऊजींनी गाडी उचलली, अंगठ्यानं पाती दाबली आणि हळूच वाकवली. मग गाडी पुन्हा सौसरवर ठेवून चावी दिली. धाड!

"पडली, वैनी," मी दिसल्यावर ते म्हणाले.

"पाह्यलं मी! सारं पाह्यलं!" चहा माझ्या पायावर सांडला. "म्हणजे हा काटा तुम्हीच बिघडवून राहिले? घरादाराले कामाले लावलं, सोनाराचे डोळे फोडले, तिकडं ती बिचारी..."

भाऊजी खाली पाहत बसले. कान लाल झालेले. अंगठा पुन्हा पातीवरच गेला होता. माझा राग होता तिथंच होता, पण चहाचा कप मी खाली ठेवला.

"उठा," मी म्हटली. "शर्ट बदला. मी येते संग."

बसमध्ये ते सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत होते. सौसरला कुसुमच्या दारात पाय टाकायला तयार होईनात, मी मागून लोटलं. कुसुम कणीक मळता मळता तशीच बाहेर आली. वाळली होती पोरगी. हाताला पीठ, आणि नजर एकदम भाऊजींवर.

"काय करून राहिले होते जी, इतके दिवस?"

भाऊजींनी घसा खाकरला. "भेऊन राहिलो होतो."

"कशाले?"

"तू येत नाही म्हणशील म्हणून."

कुसुम उंबऱ्यावर तशीच उभी राहिली. डोळे भरून आले तिचे, पण हाताला पीठ, पुसता येईनात.

"मी बी भेऊनच राहिली होती," ती म्हणाली. "तुम्ही येतच नाही म्हणून." आणि भाऊजींना आत जायला वाट देत दारातून बाजूला झाली.