बत्ताशी कुत्रीच्या दाव्याची आणि वाकड्या वेणीची हकीकत

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न आणि दुपारची झोप प्रसन्न ॥

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक मासी, राजश्री जुईबाईसाहेब, वय वर्षे पाच, शाळेची मोहीम आटोपून गडावर दाखल जाहल्या, पायांतील मोजे दोन दिशांस फेकिले आणि सेवकास पुसिले की, "माझी वेणी रोज वाकडी का? सगळ्यांची सरळ असते. बाई म्हणाल्या, आईला सांग नीट घाल." ऐसा सवाल हुजुरांनी केला. त्याचे तोंडी उत्तर सेवकास देता येईना, सबब हकीकत कागदावर लिहिली आहे. हुजूर निजतात तेवढ्या अवकाशात, एका दुपारी चार ओळी, दुसऱ्या दुपारी दोन, मध्येच आपण कूस बदलिली तर तितक्यावरच कलम ठेविले, ऐसी लिहिली. आपण वाचावयास शिकाल तेव्हा वाचावी.

एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्या राज्यात चार मजल्यांचा आणि बारा घरांचा एक गड होता, त्यास दरवाजा एक, पाण्याची टाकी एक आणि किल्लेदार वामनराव खांबेटे, ज्यांस लोक सेक्रेटरी म्हणत. तिसऱ्या मजल्यावर केतकीबाई म्हणोन एक बाई राहत असत. यजमान दर्यावर मोठ्या जहाजावर चाकरीस, नऊ महिने पाणी आणि तीन महिने घर, ऐसा त्यांचा सालाचा हिशेब. बाई दूर मुलखातून लग्न होऊन आलेल्या, गडावर ओळख कोणाची नाही, आणि कडेवर एक कन्यारत्न, ते आपणच. दिवस उगवे आणि मावळे, दूधवाला पिशवी कडीस अडकवून न बोलता जाई, जिन्यात कोणी भेटले तर "बरंय ना?" इतके पुसून उत्तरास न थांबता पुढे जाई, आणि बाई दिवसभर हुजुरांशी "हा काऊ, ही चिऊ" इतकेच बोलत. मोठ्या माणसाशी पुरते वाक्य बोलून कैक दिवस होत. मग फोन वाजे आणि दर्यावरून यजमान म्हणत, "हॅलो, ऐकू येतंय का?" आणि बाई म्हणत, "येतंय, बोला," आणि तोच आवाज तुटे.

त्या काळी गडाच्या चौकीदाराने पगार वाढवून मागितला म्हणोन किल्लेदारांनी त्यास रजा दिली आणि रस्त्यावरची एक कुत्री आत घेतली, तिच्या गळ्यात लाल पट्टा बांधिला, जिन्याखाली गोणपाट अंथरिले आणि सभेत बोलिले की, "भुंकते खणखणीत, आणि दिवाळीला बोनस मागत नाही." सभा बहुत हसली आणि ठराव तोंडीच मंजूर जाहला, वहीत कोणी लिहिला नाही. कुत्री रंगाने बत्ताशासारखी, तेव्हा हुजुरांनी आपल्या बोबड्या मुखे तिचे नाव बत्ताशी ठेविले. बाईंच्या माहेरी चाल ऐसी की तव्यावरची पहिली पोळी गाईची. या राज्यात गाय कोठून यावी? मग बाई रोज सकाळी पहिली पोळी घेऊन तीन जिने उतरत आणि बत्ताशीस घालीत आणि तिच्याशी बोलत. आज भाजी काय, जुईला दाढ येतेय, यांचं जहाज कुठल्या बंदरात आहे, ऐसे सर्व वर्तमान त्या कुत्रीस ठाऊक असे. ती पोळी खाऊन होईपर्यंत ऐके आणि मग शेपटी हलवी, आणि बाईंस वाटे, चला, आजचं बोलणं झालं.

मग शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरी, पौष शुद्ध पंचमी, मंगळवारी, बाई भाजी घेऊन आल्या. बत्ताशी तीन दिवसांची बाळंतीण होती, जिन्याखालीच विजेच्या मीटरांमागे चार पिले घालून बसली होती. हुजूर तेव्हा दोन वर्षांच्या, बाईंचा हात सोडून धावल्या आणि एक पिलू शेपटीस धरून उचलिले. पिलू ओरडले आणि बत्ताशी उसळली, आणि बाईंनी आपला डावा हात मध्ये घातिला. दात मनगटाच्या कडेस आत गेले. हुजुरांस ओरखडाही उठला नाही, इतके मात्र देवाने केले. मग बत्ताशीने कान पाडिले आणि पिलांस पोटाशी घेऊन तोंड फिरवून बसली, आणि भाजीची पिशवी सांडून टोमॅटो दरवाजापर्यंत गेले. तळमजल्यावर राहणाऱ्या सबनीसकाकूंनी आपल्या खिडकीतून हे सर्व पाहिले.

दवाखान्यात सुया जाहल्या, जखम भरली, परंतु करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट ही दोन परत आली नाहीत. वैद्य बोलिले, "शीर दुखावलीय. शस्त्रक्रिया केली तर बोटं पुष्कळ सुधारतील, पण खर्च मोठा आहे." यजमानांचे वेतन घराच्या कर्जास जात होते. बाई घरी आल्या आणि दुसरे दिवशी हुजुरांची शेंडी बांधावयास बसल्या, तो केस डाव्या हातात राहीनात, निसटोन जात. तेव्हा बाई प्रथम रडल्या. सुईला रडल्या नव्हत्या.

मग बाई किल्लेदारांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "कुत्री सोसायटीने ठेवलीय, तर उपचाराचं सोसायटीने बघावं." किल्लेदार चहा पीत होते, ते बोलिले, "अहो वहिनी, कुत्रं आहे ते, चावणारच. तुम्ही हात कशाला घातलात?" "पोरगी होती हो समोर!" "मग पोरीला सांभाळायचं. आणि सोसायटीची कुत्री कोण म्हणतं? रस्त्यावरची आहे. नगरपालिकेत जा." बाई नगरपालिकेच्या कचेरीत गेल्या, तेथील कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून पुसिले, "गळ्यात पट्टा होता?" "होता, लाल." "मग पाळलेली झाली. पाळलेलीचं टेबल आमच्याकडे नाही, ताई." बाई परत आल्या तो बत्ताशीचा गळा मोकळा. किल्लेदारांस पुसिले, तर ते बोलिले, "पट्टा? कुठला पट्टा?" ऐसा चमत्कार जाहला.

तेव्हा बाईंनी मुजावर आडनावाची एक वकीलबाई गाठली, ती स्कूटरवरून कचेऱ्या फिरे आणि डिकीत फायलींसोबत डबा ठेवी. तिने गडास नोटीस धाडिली. नोटीस आली त्याच आठवड्यात बाईंचे हळदीकुंकू होते. बाईंनी वाण म्हणोन स्टीलच्या बारा वाट्या आणिल्या होत्या, तिळाचे लाडू एका हाताने वळिले होते, घरोघर आमंत्रण आधीच दिले होते. सबनीसकाकूंस तेवढे दिले नाही, कारण त्यांचे यजमान आदल्या वर्षी वारले होते आणि ऐशा प्रसंगी बोलवीत नाहीत, बाईंनी जे पाहिले होते तेच केले, मनात दुसरे आले नाही. मग संध्याकाळ जाहली, रांगोळी घातली, दार उघडे ठेविले, आणि कोणी आले नाही. खालून पैंजण वाजे आणि दुसऱ्या मजल्यावरच थांबे. हुजूर दारात परकर नेसून उभ्या, येणाऱ्यास अत्तर लावावयास कुपी घेतलेल्या. शेवटी आपण ते सर्व अत्तर बाईंसच लाविले. ज्यांस बोलाविले ते आले नाहीत, आणि ज्या आल्या असत्या त्यांस बोलाविले नव्हते.

मग दावा चालिला. तारखा पडिल्या. हुजुरांस ठेवावयास कोणाचे घर नव्हते, सबब आपणही प्रत्येक तारखेस हजर, न्यायसभेच्या पायऱ्या मोजून आपण वीसपर्यंत आकडे शिकलात. बत्ताशीची पिले लोकांनी नेली, ती एकटी जिन्याखाली राहिली आणि बाईंची पहिली पोळी चालू राहिली. यजमान सुटीवर आले तेव्हा म्हणाले, "सोड ना तो नाद. सगळ्या बिल्डिंगशी वैर घेऊन राहणार कशी एकटी?" बाई म्हणाल्या, "एकटी तर आधीपण होते." मग सुटी सरली.

साक्षीस माणूस पाहिजे होते. बाई सबनीसकाकूंकडे गेल्या. काकूंनी दार अर्धे उघडिले आणि म्हणाल्या, "मी काय पाहिलं, काय नाही, मला आता आठवत नाही बाई." बाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही खिडकीत होतात." काकू म्हणाल्या, "खिडकीत मी रोजच असते," आणि दार लाविले.

मग राहिली बाईंचीच जबानी. वकीलबाईने पायरीवर डबा खाता खाता बजाविले, "ताई, नीट ऐका. समोरचे ताम्हाणे वकील कुत्रीचं नाव विचारतील. माहीत नाही म्हणायचं. सोसायटीचं कुत्रं, एवढंच म्हणायचं. आणि पोळीचं तर तोंडातून काढूच नका. पोळी निघाली की केस गेली. तुमची बोटं त्या पैशांत आहेत, लक्षात ठेवा." बाईंनी मान डोलाविली आणि सारा वेळ मनात घोकिले, माहीत नाही, माहीत नाही.

मग मार्गशीर्ष मासी, क्रोधी नाम संवत्सरी, बाई शपथ घेऊन उभ्या राहिल्या. हुजूर मागल्या बाकावर पाय हालवीत बसल्या होत्या, वेणी सुटली होती. ताम्हाणे वकील गोड स्वभावाचे, हसोन बोलिले, "बाई, या कुत्रीचं नाव काय हो?" बाईंचे तोंड उघडले, ते घोकिलेले उत्तर जिभेवर आले, आणि त्यांस वाटले की इतक्या वर्षांत या गडावर आपण नावाने हाक मारिली आणि ती ऐकून कोणी उठून आले, ऐसे एकच. तिलाही आता ओळखत नाही म्हटले, तर मग या राज्यात आपल्या ओळखीचे कोण? बाई बोलिल्या, "बत्ताशी." "वा! कोणी ठेवलं?" "माझ्या मुलीनं." "आणि खायला कोण घालतं?" वकीलबाईने डोळे मिटिले. बाई बोलिल्या, "मी. पहिली पोळी. आणि साहेब, ती बाळंतीण होती, तिचा दोष नाही. बाळंतिणीला रहदारीच्या जिन्याखाली ठेवतं का कोणी? त्याची नुकसानी मागतेय मी." न्यायाधीशांनी ते सर्व लिहून घेतले.

निवाडा जाहला तो ऐसा. कुत्रीस नाव वादीच्या घरचे, अन्न वादीच्या घरचे, प्रतिवादीने पाळल्याचा पुरावा नाही, म्हणती तो पट्टा दाखल नाही, सबब दावा नामंजूर. फाटकात किल्लेदार मोठ्याने बोलिले, "वहिनी, आता कोर्टानंच सांगितलं, कुत्री तुमची! लायसन काढा, आणि जिना मोकळा करा." भोवतालचे हसले. बाई म्हणाल्या, "बरं," आणि बत्ताशीस हाक मारिली, आणि ती गोणपाटावरून उठली आणि बाईंच्या मागे तीन जिने चढून घरात आली आणि हुजुरांच्या पलंगाखाली बसली. दोन वर्षे कज्जा करून बाईंनी जिंकिली ती इतकी.

मग आठ दिवसांनी सकाळी दार वाजले. सबनीसकाकू उभ्या, तीन जिने चढून धाप लागलेली, हातात वर्तमानपत्राची पुडी. पुडीत लाल पट्टा. काकू म्हणाल्या, "खांबेट्यांनी कचऱ्यात टाकला, त्याच दिवशी मी उचलून ठेवला होता. पण घर माझ्या नावावर करायचा कागद त्यांच्याकडे सहीला पडला होता गं. हे गेल्यापासून. मी बोलले असते तर झाली असती का सही? काल झाली." बाईंस राग आला, तोंडात शब्द आले ते सर्व वाईट. आणि मग त्यांस ती संध्याकाळ आठवली, उघडे दार, बारा वाट्या, आणि खाली तळमजल्यावर एक खिडकी, जिच्यात एक बाई रोजच असे. बाई आत गेल्या, माळ्यावरून डबा काढिला, त्यातील एक वाटी पुसली, तीत दोन लाडू घातिले, वर हळदकुंकवाच्या दोन पुड्या ठेविल्या आणि काकूंच्या हाती दिली. काकू म्हणाल्या, "अगं, मला चालत नाही हे." बाई म्हणाल्या, "माझ्याकडे चालतं." काकूंनी वाटी पदराखाली घेतली. मग आत येऊन बसल्या आणि चहा घेतिला. पट्टा बत्ताशीस बांधावयाचा तो बाईंच्या एका हाताने बांधवेना, तेव्हा हुजुरांनी आपल्या दोन्ही हातांनी बक्कल लाविले.

सारांश, दावा हरला, कुत्री घरात आहे, काकू मंगळवारी येतात, यजमान दर्यावर आहेत आणि बोटे अद्याप तैसीच आहेत. वेणी वाकडी का, तर उजवा पेड घट्ट बसतो आणि डावा निसटतो, याकरिता. शाळेत कोणी पुसिले तर हुजुरांनी इतकेच सांगावे की, माझी आई रोज प्रयत्न करते.

लिहिताना डाव्या हाताने कागद दाबून धरवला नाही, तो सरकला, सबब या ओळीही वाकड्या गेल्या आहेत. हुजूर वेणी घालून घेताना मान न हलविता बसतात, तैसेच या ओळींनाही सांभाळून घ्यावे. आपण जाग्या होत आहात. येथेच थांबते.